विश्वासघाताचा चेहरा : नागरी हक्कांच्या लढ्यावरील ऐतिहासिक चित्रपट आणि मराठीतील 'फितुरी'चा साचा

मराठी ऐतिहासिक नाटक व कादंबरी यांच्या समीक्षेत नायकाच्या व्यक्तिरेखेची जेवढी चर्चा झाली, तेवढी फितुराच्या व्यक्तिरेखेची झालेली दिसत नाही. वस्तुतः ऐतिहासिक कथनात पराभवाचे स्पष्टीकरण देण्याची जबाबदारी बहुधा याच व्यक्तिरेखेवर टाकलेली असते. नायक शूर होता, सैन्य निष्ठावान होते, तरीही गड गेला, कारण कोणीतरी फितला. वाचकाला हे स्पष्टीकरण पटते आणि त्याचे समाधानही होते. हा साचा नाटकातून व कादंबरीतून पुढे चित्रपटातही आला. परंतु ज्या चित्रपटाचा विषय राज्य मिळविणे वा राखणे हा नसून माणसाचे नागरी हक्क मिळविणे हा आहे, त्या चित्रपटाला हा साचा कितपत पुरतो, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला पाहिजे. प्रस्तुत लेखात तो विचारावयाचा आहे. त्यासाठी डॉ. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००) हा चित्रपट मध्यवर्ती धरला असून, तुलनेसाठी नचिकेत व जयू पटवर्धन यांचा '२२ जून १८९७' (१९७९) आणि शाका किंग या अमेरिकी दिग्दर्शकाचा 'जूडास अँड द ब्लॅक मसाया' (२०२१) हे दोन चित्रपट घेतले आहेत.

१. 'फितूर' : शब्द आणि साचा

'फितूर' हा शब्द अरबी-फारसी मार्गाने मराठीत आला आणि येथे पूर्णपणे रुजला. त्याच्यापासून 'फितणे' आणि 'फितवणे' अशी दोन क्रियापदे मराठीने घडविली. या दोहोंतील भेद केवळ व्याकरणाचा नाही. 'फितणे' या क्रियेत एकच माणूस दिसतो, तर 'फितवणे' या क्रियेला दोन माणसे लागतात : एक फितवणारा आणि दुसरा ज्याला फितविले जाते तो. आपल्या ऐतिहासिक कथनांनी प्रायः पहिल्याच क्रियेवर लक्ष केंद्रित केले. फितलेल्या माणसाचे नाव लोकांच्या ओठी राहिले. फितवणाऱ्याची योजना, त्याने दिलेले आमिष, त्याने घातलेली भीती या गोष्टी पार्श्वभूमीत गेल्या. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला, त्या घटनेशी जोडले गेलेले सूर्याजी पिसाळ हे नाव तर मराठीत जवळजवळ सामान्यनामच होऊन बसले आहे.

या साच्याची मर्यादा अक्कलकोटच्या वाचकाला आपल्याच गावाच्या इतिहासातून ओळखता येते. अक्कलकोट संस्थानाची मूळकथा सर्वश्रुत आहे. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून शाहू महाराज दक्षिणेत येत असता पारद येथील सयाजी लोखंडे या पाटलाने त्यांना विरोध केला. लढाईत पाटील मारला गेला. त्याच्या विधवेने आपले मूल शाहूंच्या पायांवर घातले. शाहूंनी ते आपलेसे केले, फत्ते झाली म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले आणि त्याला भोसले हे आपले आडनाव दिले. अक्कलकोटचे राजघराणे ते हेच. ज्याच्या पित्याने छत्रपतीवर शस्त्र धरले त्याचा पुत्र त्याच छत्रपतीचा मानसपुत्र झाला, आणि या कथेत कोणीही कोणाला फितूर म्हणत नाही. त्याच वर्षी खेडच्या लढाईत ताराबाईंच्या पक्षाचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना येऊन मिळाले. त्यांनाही मराठी इतिहासाने फितूर ठरविलेले नाही. पक्ष बदलण्याची क्रिया एकच असली तरी तिला 'निष्ठा' म्हणावयाचे की 'फितुरी', हे पुष्कळदा कथन कोणाच्या बाजूने सांगितले जाते यावर ठरते.

संभाजी महाराजांच्या १६८९ मधील अटकेबाबत गणोजी शिर्के यांच्यावर ठेवला जाणारा आरोप या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. या आरोपाच्या पुराव्याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु कादंबरी, नाटक आणि लोकस्मृती यांतून तो दृढ होत गेला. शिवाजी सावंत यांच्या 'छावा' या कादंबरीवर आधारलेला लक्ष्मण उतेकर यांचा हिंदी चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा शिर्के घराण्याच्या वंशजांनी त्यातील चित्रणावर आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकांनी त्यांची क्षमा मागितली. तीन शतकांपूर्वीच्या एका आरोपाचे ओझे आजही एका आडनावाला वाहावे लागते, एवढी या साच्याची शक्ती आहे. ऐतिहासिक चित्रपटात फितुराला चेहरा देणे म्हणजे कोणाच्या तरी चेहऱ्यावर शिक्का मारणे होय, हे या प्रकरणाने पुन्हा एकदा दाखवून दिले.

२. चेहरा असलेला विश्वासघात : दोन चित्रपट

'२२ जून १८९७' हा चित्रपट चापेकर बंधूंच्या कृत्यावर आधारलेला आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अमलाखाली गोऱ्या सैनिकांकडून घरोघर झडत्या घेतल्या गेल्या. देवघर, स्वयंपाकघर, माजघर या खाजगी जागांत सैनिक शिरले. या जुलमाचा सूड म्हणून राणी व्हिक्टोरिया यांच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. चापेकरांची राजकीय व सामाजिक दृष्टी सनातनी होती, आणि आजच्या अर्थाने त्यांना नागरी हक्कांचे कार्यकर्ते म्हणता येणार नाही. तथापि सरकारी यंत्रणा नागरिकाच्या उंबरठ्याच्या आत कोठवर येऊ शकते, हा प्रश्न या घटनेच्या मुळाशी होता, हेही खरे.

सरकारने वीस हजार रुपयांचे इनाम जाहीर केले आणि गणेश शंकर द्रविड व त्याचा भाऊ रामचंद्र यांच्याकडून माहिती मिळाली. दामोदर चापेकर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. पुढे ८ फेब्रुवारी १८९९ रोजी वासुदेव चापेकर व महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंवर गोळ्या झाडल्या, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वासुदेव, रानडे व बाळकृष्ण चापेकर हे तिघेही फासावर गेले. या घटनाक्रमाची आकृती शोकांतिकेसारखी रेखीव आहे : जुलूम, सूड, फितुरी, पुन्हा सूड आणि मृत्यू. विश्वासघाताला येथे नाव आहे, पत्ता आहे आणि किंमतही आहे. चित्रपटाच्या रूपबंधाला जे हवे असते ते सर्व इतिहासानेच पुरविले आहे.

'जूडास अँड द ब्लॅक मसाया' या चित्रपटातही फितुराला चेहरा आहे, परंतु तेथे साच्यात एक महत्त्वाचा बदल झालेला दिसतो. शिकागोमधील ब्लॅक पँथर पक्षाचा तरुण नेता फ्रेड हॅम्प्टन ४ डिसेंबर १९६९ रोजी पहाटे पोलिसांच्या छाप्यात आपल्या घरात मारला गेला. तेव्हा त्याचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. त्याच्यासोबत मार्क क्लार्क हा कार्यकर्ताही मारला गेला. पक्षात वावरणारा विल्यम ओनील हा अमेरिकी केंद्रीय तपाससंस्थेचा खबऱ्या होता. चोरीच्या मोटारीच्या प्रकरणात सापडलेल्या या तरुणाला तुरुंगाची भीती आणि पैशांचे आमिष दाखवून पक्षात पेरण्यात आले होते, आणि हॅम्प्टनच्या घराचा नकाशा त्यानेच पुरविला होता. चित्रपटाचे शीर्षक येशूच्या जूडास या शिष्याचे स्मरण करून देते, त्यामुळे प्रेक्षक जुन्याच साच्याची अपेक्षा घेऊन येतो. प्रत्यक्षात चित्रपट ओनीलइतकेच लक्ष त्याला चालविणाऱ्या अधिकाऱ्याकडे आणि त्या अधिकाऱ्यामागील कचेरीकडे वेधतो. मराठीच्या परिभाषेत सांगावयाचे तर हा चित्रपट 'फितणे' या क्रियापदाकडून 'फितवणे' या क्रियापदाकडे सरकतो.

ब्लॅक पँथर हे नाव मराठी अभ्यासकाला परके नाही. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुण लेखकांनी दलित पँथर ही संघटना स्थापन केली, ती या अमेरिकी चळवळीचे नाव समोर ठेवूनच. पुढे १९७४ पासून तीत मतभेद विकोपाला गेले आणि परस्परांवर आरोप झाले. या इतिहासाबद्दल बोलताना 'फूट' आणि 'फितुरी' यांत गल्लत होता कामा नये. मार्क्सवाद आणि बुद्धविचार यांच्या परस्परसंबंधाविषयीचा तो वाद वैचारिक होता, आणि वैचारिक मतभेदाला विश्वासघात म्हटले की चळवळीचा इतिहास लिहिणे अशक्य होते. फितुराच्या साच्याचा हाही एक धोका आहे : तो मतभेदाचे रूपांतर सहजपणे द्रोहात करतो.

३. चेहरा नसलेला विश्वासघात : महाड आणि नाशिक

आता मुख्य विषयाकडे वळू. अस्पृश्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्यात ज्या घटनांना विश्वासघात म्हणावे लागते, त्यांचे स्वरूप वरील दोन्ही प्रकारांहून भिन्न आहे.

महाडचे उदाहरण घेऊ. सी. के. बोले यांनी मांडलेला, सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने इत्यादी अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने संमत केला. त्याला अनुसरून १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपल्या ताब्यातील तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे हक्क कागदावर मिळालेला होता. तो बजावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि परिषदेस आलेले प्रतिनिधी चवदार तळ्यावर गेले व त्यांनी पाणी प्याले. त्यानंतर, हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी अफवा उठली आणि गावातून परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला पूर्वीचा ठराव रद्द केला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली, तेव्हा तळे खाजगी मालकीचे आहे असा दावा करून काही रहिवाशांनी न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळविला होता. परिषदेने २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन केले. तळ्यावर जाण्याचा सत्याग्रह मात्र न्यायालयाचा मान राखून तहकूब केला. दाव्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने दिला. पहिल्या ओंजळीपासून या निकालापर्यंत दहा वर्षे गेली.

या घटनाक्रमात फितूर कोण? कोणीही नाही. उलट सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे स्पृश्य समाजातील सहकारी लढ्याच्या बाजूने उभे होते. मनुस्मृती-दहनाचा ठराव सहस्रबुद्धे यांनीच मांडला होता. फितुरीच्या साच्याने पाहिले तर आपली जात सोडून पलीकडे गेले ते हे लोक. आणि तरीही विश्वासघात झाला होता, यात संशय नाही. एका सार्वजनिक संस्थेने ठरावाद्वारे दिलेला शब्द दुसऱ्या ठरावाद्वारे मागे घेतला होता. येथे कोणी फितला नाही, कोणाला फितविलेही गेले नाही. येथे वचन मोडले गेले, तेही सभेचे नियम पाळून आणि बहुमताने.

नाशिकचा प्रसंग याहून तीव्र आहे. काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे आदींनी स्थानिक पातळीवर तो चालविला. हजारो सत्याग्रही आळीपाळीने मंदिराच्या बंद दारांपुढे बसत होते. रामनवमीच्या उत्सवातील रथयात्रेपूर्वी दोन्ही पक्षांत तडजोड झाली : दोन्हीकडच्या निवडक माणसांनी मिळून रथ ओढावा. ९ एप्रिल रोजी डॉ. आंबेडकर आपल्या माणसांसह आले. परंतु त्यांचा हात रथाला लागण्यापूर्वीच झटापट सुरू झाली आणि स्पृश्यांनी रथ पुढे पळविला. दगडफेक झाली. त्या गर्दीत डॉ. आंबेडकरांनाही इजा झाली.

येथे तारखांकडे लक्ष द्यावयास हवे. महात्मा गांधींनी दांडी येथे मिठाचा कायदा मोडला तो ६ एप्रिल १९३० रोजी. नाशिकचा रथ त्यानंतर तीनच दिवसांनी पळविला गेला. पुढे महिनाभरात सोलापुरात लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला, आणि त्या प्रकरणात मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेले. सोलापूर जिल्ह्यातील वाचकाला या चौघांची नावे शाळेपासून ठाऊक असतात. त्याच वर्षीच्या काळारामच्या दारांपुढे बसलेल्यांपैकी किती नावे ठाऊक असतात, हे प्रत्येकाने स्वतःशीच पाहावे. एकाच वसंत ऋतूत, एकाच प्रांतात 'सत्याग्रह' हा एकच शब्द दोन लढ्यांसाठी वापरला जात होता. एका लढ्यात अन्याय करणारा परका होता, दुसऱ्यात तो शेजारी होता. पहिल्या लढ्याच्या कथेत फितुराला जागा आहे. दुसऱ्या लढ्याच्या कथेत शब्द मोडणारा तडजोडीवर विश्वास ठेवण्यास सांगणाऱ्यांपैकीच एक असतो.

४. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' : रूपबंधाचा प्रश्न

अशा विश्वासघाताचे चित्रपटात रूपांतर कसे करावयाचे? चित्रपट हे माध्यम मूर्ताचे आहे. ठराव रद्द होणे, दावा दहा वर्षे चालणे, तडजोड पाळली न जाणे या गोष्टींना चेहरा नसतो. व्यावसायिक ऐतिहासिक चित्रपटाने अशा वेळी एक खलनायक कल्पून सर्व दोष त्याच्यावर टाकला असता, आणि प्रेक्षकही हलक्या मनाने घरी गेला असता.

डॉ. जब्बार पटेल यांनी हा मार्ग टाळला. पंढरपुरात जन्मलेल्या आणि सोलापुरात शिकलेल्या या दिग्दर्शकाने 'सामना' व 'सिंहासन' या चित्रपटांत सत्तेचे व्यवहार रेखाटले होते. सत्ता एका माणसात नसून संबंधांच्या जाळ्यात असते, हे त्या दोन्ही चित्रपटांचे सूत्र होते. केंद्र आणि महाराष्ट्र शासनाच्या अर्थसाहाय्याने, मूळ इंग्रजीत निर्माण झालेल्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटाच्या लेखनात सूनी तारापोरवाला, अरुण साधू आणि दया पवार यांचा सहभाग होता. मल्याळम चित्रपटसृष्टीतील मामूट्टी यांना प्रमुख भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दलित आत्मकथनाला मराठीत प्रतिष्ठा मिळवून देणारा 'बलुतं'चा लेखक या पटकथेशी संबंधित असावा, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने विशेष नोंदविण्यासारखी आहे. आत्मकथनांतही अन्याय करणारा कोणी एकच दुष्ट माणूस नसतो. तेथे गाव असते, विहीर असते, शाळेतील बसण्याची जागा असते.

चित्रपटाची रचना चरित्रपर व कालानुक्रमी आहे : परदेशातील शिक्षण, बडोद्याची नोकरी, महाड, नाशिक, गोलमेज परिषद, पुणे करार, राज्यघटना, हिंदू कोड बिल आणि १९५६ चे धर्मांतर. बडोद्याच्या प्रसंगाचा अर्थ डॉ. आंबेडकरांच्या स्वतःच्या आठवणींशी जोडून पाहिला तर अधिक स्पष्ट होतो. १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या या उच्चविद्याविभूषिताला शहरात राहण्यास जागा मिळेना. ते एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले आणि जमावाने त्यांना तेथून हुसकावले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती असे दोन मित्र होते. दोघांनीही घरात घेण्याबाबत अडचणी सांगितल्या. शिवीगाळ न करता, सौम्य शब्दांत सांगितलेली अडचण, हे विश्वासघाताचे एक विशेष रूप आहे. त्यात द्वेष नसतो, लाचही नसते. असते ती केवळ सोय. अशा मित्राला फितूर म्हणता येत नाही आणि निर्दोषही म्हणता येत नाही. मराठी ऐतिहासिक कथनात या मधल्या माणसाला नावच नव्हते.

या रचनेमुळे चित्रपटाचे काही नुकसान झाले, हेही मान्य करावे लागेल. एकामागून एक प्रसंग येत राहतात. संघर्ष एका व्यक्तीशी नसल्यामुळे नाट्य सतत वाढत जात नाही. काही ठिकाणी चित्रपट इतिहासाच्या पाठासारखा वाटतो. '२२ जून १८९७' या चित्रपटाची घट्ट वीण येथे नाही. परंतु हा दोष केवळ दिग्दर्शकाच्या हाताचा मानणे योग्य होणार नाही. त्याचे मूळ विषयातच आहे. ज्या लढ्यातील प्रतिपक्ष सर्वत्र विखुरलेला आहे, त्या लढ्याचे कथानक एका बिंदूवर गोळा होत नाही. शोकांतिकेची जुनी आकृती त्याला बसत नाही.

५. पुणे कराराचा पेच

फितुरीच्या साच्याची खरी कसोटी पुणे कराराच्या प्रसंगी लागते. ऑगस्ट १९३२ मधील जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. गांधीजींनी २० सप्टेंबर रोजी येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण आरंभिले आणि २४ सप्टेंबर रोजी करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्यांच्या जागी संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या, आणि प्रांतिक विधिमंडळांतील जागांची संख्या निवाड्यातील ७१ वरून १४८ झाली. ही देवघेव न्याय्य होती की दडपणाखाली झाली, याविषयी आजही तीव्र मतभेद आहेत. स्वतः डॉ. आंबेडकरांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, काँग्रेस व गांधी यांच्या अस्पृश्यविषयक कार्याची झडती घेणाऱ्या ग्रंथात या कराराच्या परिणामांवर कठोर टीका केली.

एका बाजूच्या कथनात गांधी हे विश्वासघातकी ठरतात, तर दुसऱ्या बाजूच्या कथनात स्वतंत्र मतदारसंघ मागणारे आंबेडकर राष्ट्रद्रोही ठरविले गेले. दोन्ही कथने एकाच साच्यातून निघतात, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. चित्रपटात गांधींकडे टीकेच्या दृष्टीने पाहिले आहे, पण त्यांना खलनायक केलेले नाही. मोहन गोखले यांनी साकारलेले गांधी हे नैतिक दडपणाची शक्ती असलेले गृहस्थ म्हणून समोर येतात. एका माणसाचे प्राण वाचविण्याची जबाबदारी ज्यांना माणूस म्हणूनच वागविले जात नव्हते त्यांच्या प्रतिनिधीवर टाकली गेली, या विसंगतीत त्या प्रसंगाचे सगळे नाट्य आहे. ते उमगण्यासाठी कोणालाही फितूर ठरवावे लागत नाही. करार ज्यांनी पाळावयाचा होता त्यांनी पुढील काळात तो कसा पाळला, हा खरा प्रश्न उरतो. आणि तो प्रश्न त्या खोलीत सह्या करणाऱ्या थोड्या माणसांपुरता मर्यादित राहत नाही.

६. अध्यापनाच्या दृष्टीने

वरील विवेचनावरून विश्वासघाताचे तीन प्रकार वेगळे करता येतात. पहिल्यात एक माणूस फितलेला असतो. दुसऱ्यात एखादी यंत्रणा माणसाला फितविते. तिसऱ्यात समाज किंवा संस्था दिलेला शब्द पाळत नाही. '२२ जून १८९७' मुख्यतः पहिल्याचे, अमेरिकी चित्रपट दुसऱ्याचे आणि 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' तिसऱ्याचे उदाहरण आहे. अर्थात हे प्रकार परस्परांपासून पूर्णतः अलग नाहीत. द्रविड बंधूंच्या मागेही सरकारी इनाम होतेच. म्हणजे तेथेही फितवणारा होता, आपण मात्र त्याच्याकडे कमी पाहिले.

हा भेद वर्गात शिकविणे का आवश्यक आहे, याचे उत्तर भाषेच्या आजच्या वापरात सापडते. 'फितूर' हा शब्द आता गडावरून न्यायालयात आला आहे. अत्याचाराच्या खटल्यांच्या बातम्यांत 'साक्षीदार फितूर झाला' हे वाक्य मराठी वाचक नेहमी वाचतो. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे २०१४ मध्ये एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. त्या खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. 'साक्षीदार फितूर झाला' या वाक्यात कर्ता एकटा साक्षीदार आहे. त्याला कोणी भीती घातली, गावात राहावयाचे तर त्याच्यापुढे कोणता मार्ग होता, त्याच्या पाठीशी कोण उभे राहिले नाही, हे सारे त्या वाक्याच्या बाहेर राहते. सूर्याजी पिसाळाच्या कथेने आपल्या कानांना जी सवय लावली, तीच सवय येथे काम करीत असते.

अक्कलकोटसारख्या, मराठी व कन्नड दोन्ही भाषा घरात बोलल्या जाणाऱ्या सीमेवरील तालुक्यातील विद्यार्थ्याला निष्ठा एकपदरी नसते, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्याच्यापुढे हे तिन्ही चित्रपट ठेवून शिक्षकाने एवढेच विचारावे : या प्रसंगात शब्द कोणी दिला होता, तो कोठे नोंदला होता, तो मोडला तेव्हा कोण कोण उपस्थित होते आणि त्यांपैकी कोण गप्प राहिले? अशा प्रश्नांनी प्रसंगाचे वाचन केल्यास महाड नगरपालिकेचे १९२४ आणि १९२७ चे दोन ठराव हे केवळ इतिहासाचे तपशील न राहता कथनाचे घटक होतात. नाशिकची तडजोड ही एका दृश्याची पूर्वपीठिका न राहता त्या दृश्याचा आशय होते.

ऐतिहासिक चित्रपटाकडून आपण सामान्यतः भूतकाळाचे दर्शन मागतो. नागरी हक्कांच्या लढ्यावरील चित्रपटाकडून याहून अधिक मागावयास हवे. फितुराचा चेहरा दाखविला की प्रेक्षक त्या चेहऱ्याहून स्वतःला वेगळा मानतो आणि मोकळा होतो. मोडलेल्या शब्दाची कथा सांगितली तर त्याला असे मोकळे होता येत नाही. कारण तो शब्द त्याच्या पूर्वजांनी, त्याच्या गावाने, त्याच्या नगरपालिकेने आणि पुढे राज्यघटनेद्वारे त्याने स्वतःच दिलेला असतो. या दुसऱ्या प्रकारच्या कथेला मराठीत अद्याप पुरेसा रूपबंध सापडलेला नाही. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटाने तो शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, आणि त्याच्या रचनेतील शैथिल्यासह तो प्रयत्न अभ्यासला जावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.